‘उर्वरित आयुष्य २० वर्षे’ हा आकडा येतो कुठून?

जुन्या इमारतीतल्या फ्लॅटवर कर्ज काढायचं म्हटलं की बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे मिळकतीची किंमत ठरवणारा माणूस, येऊन जातो आणि काही दिवसांत अहवाल देतो. सीटीएस नंबर, चतुःसीमा, लिफ्ट आहे की नाही, अशा रकान्यांच्या गर्दीत त्यात एक ओळ असते : ‘इमारतीचे अंदाजे उर्वरित आयुष्य – २० वर्षे, योग्य देखभाल व वेळोवेळी दुरुस्ती होत राहिल्यास.’ बहुतेकांची नजर थेट शेवटच्या पानावरच्या रकमेवर जाते, त्यामुळे ही ओळ वाचलीच जात नाही. जे वाचतात ते घाबरतात. मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला फोनवर सरळच विचारलं होतं, “अहो साहेब, वीस वर्षांनी बिल्डिंग पडणार असं लिहून दिलंय का तुम्ही?”

तसं नाही. इमारत कधी पडेल हे सांगणं व्हॅल्युअरचं काम नाही आणि ते त्याला सांगताही येणार नाही. उर्वरित उपयुक्त आयुष्य म्हणजे ही इमारत आणखी किती वर्षं वापरण्याजोगी आणि वापरणं परवडण्याजोगी राहील, याचा अंदाज. यातला ‘परवडण्याजोगी’ हा भाग महत्त्वाचा. पैसा ओतला तर जवळजवळ कुठलीही इमारत उभी ठेवता येते. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तो आजही उभा आहे. पण त्याच्या जतनावर जो खर्च होतो तो बोरिवलीच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला झेपणार नाही. दुरुस्तीवर घातलेला रुपया जिथून पुढे वसूल होत नाही, तिथे हिशेबातलं आयुष्य संपतं, मग भिंती उभ्या का असेनात.

आता आकडा कसा येतो ते. सगळ्यात सोपी रीत म्हणजे वजाबाकी. आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीचं एकूण आयुष्य ६० वर्षं धरायचं आणि त्यातून वय वजा करायचं. १९८६ ची इमारत आज चाळिशीची, म्हणून उरली २०. हे ६० अगदीच हवेतून आलेले नाहीत. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात कारखान्याखेरीज इतर आरसीसी इमारतींना ६० वर्षं आणि आरसीसी नसलेल्या इमारतींना ३० वर्षं दिली आहेत. पण ते परिशिष्ट कंपनीच्या ताळेबंदात घसारा, म्हणजे वयापोटी किमतीत धरायची घट, कसा मांडायचा यासाठी आहे. हिशेबनिसाच्या सोयीचा हा आकडा व्हॅल्युएशनच्या अहवालात आला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. आयकराचं गणित आणखी निराळं, तिथे राहत्या इमारतीवर वर्षाला ५ टक्के घसारा मिळतो. तिसरीकडे मुद्रांक शुल्कासाठीचा रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, त्यात पक्क्या आरसीसी बांधकामाला सुरुवातीची काही वर्षं सोडली तर साधारण वर्षाला १ टक्का वजावट आहे आणि ती ७० टक्क्यांवर थांबते. एकाच इमारतीची ही तीन वयं, आणि त्यातलं एकही इमारतीकडे बघून ठरवलेलं नाही.

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ती मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली आणि गाडी चालू स्थितीत असो-नसो, ती रस्त्यावरून उतरली. इमारतीला असं परवान्याचं वय नसतं. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती १९३०-४० च्या दशकांतल्या, आरसीसीच्या आणि समुद्राच्या तोंडावर. साठातून वजाबाकी केली तर त्यांचं उर्वरित आयुष्य उणे पंचवीस-तीस येतं, आणि तिथला फ्लॅट घ्यायचा तर कोट्यवधी मोजावे लागतात. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींमध्ये आरसीसीच्या बांधकामात लोकांनी शंभर वर्षं काढली. उलट २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरला साईदर्शन ही इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तिने चाळिशीही गाठलेली नव्हती. तिच्या तळमजल्यावर फेरफाराचं काम चाललं होतं. खांबाला हात लागला की वजाबाकीतली उरलेली वर्षं कागदावरच राहतात.

मग आयुष्य खरं असतं कुठे? आरसीसी इमारतीत त्याचं उत्तर मिलिमीटरमध्ये द्यावं लागतं, सळईवर असलेल्या काँक्रीटच्या थराच्या जाडीत. या थराला साइटवर सगळे कव्हर म्हणतात. नवं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२-१३ च्या आसपास असतो आणि तेवढ्या वातावरणात लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून हळूहळू आत शिरतो आणि हा अल्कधर्म मारत जातो, पीएच ९ च्या खाली येतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ही सीमा सळईपर्यंत पोचली की सळईचं संरक्षण गेलं. मग ओल आणि हवा मिळाली की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा काही पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. खांबाच्या कोपऱ्यावर उभी बारीक चीर, मग फुगवटा, मग पोपडा पडून लालसर सळई बाहेर, हा क्रम मुंबईत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या तळाच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे.

हे मोजता येतं. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करणारे बीमचा छोटा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. जिथे अल्कधर्म शाबूत तिथे काँक्रीट गडद गुलाबी होतं, जिथे गेला तिथे रंगच चढत नाही. बाहेरून आत किती मिलिमीटर बिनरंगी आहे ते पट्टीने मोजायचं, झालं. आणि कार्बोनेशनची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. समजा, ४० वर्षांच्या इमारतीत खोली २० मिमी निघाली आणि कव्हर २५ मिमी आहे. २५ म्हणजे विसाच्या सव्वापट. सव्वाचा वर्ग साधारण १.५६. चाळीस गुणिले १.५६ म्हणजे ६२ वर्षं. गंजाला वाट मोकळी व्हायला अजून बावीसेक वर्षं आहेत. पण गवंड्याने सळईखाली कव्हर ब्लॉक नीट ठेवले नसतील आणि प्रत्यक्षात कव्हर २० मिमीच असेल, तर ती बावीस वर्षं आजच शून्य. पाच मिलिमीटरच्या हलगर्जीपणाची ही किंमत. गंज सुरू झाला म्हणजे इमारत लगेच गेली असंही नाही. तिथून पुढे बीम-कॉलम धोक्याच्या पातळीला यायला आणखी काही वर्षं जातात, किती ते ओलीवर ठरतं.

मुंबईत खारी हवाही जमेला धरायची. त्यातला क्लोराइड अल्कधर्म टिकून असतानाही सळईला खड्डे पाडतो, म्हणून वरळी-वर्सोव्याच्या समुद्राकडच्या भिंती आणि त्याच इमारतीच्या मागच्या भिंती यांची प्रकृती वेगळी निघते. शिवाय बांधकामाचा काळ बघावा लागतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीला एम १५ काँक्रीट (एमपुढचा आकडा जितका मोठा तितकं ते मजबूत) चालत होतं आणि स्लॅबला १५ मिमी कव्हर पुरेसं मानलं होतं. २००० च्या आवृत्तीने किमान एम २० केलं, आणि समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघड्यावर असलेल्या काँक्रीटला एम ३० व ४५ मिमी कव्हर सांगितलं. त्यात १९८२ साली सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठेपर्यंत सिमेंट कोट्यावर मिळायचं, ते हात आखडूनच वापरलं जाई. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातली इमारत मी वजाबाकीवर सोडत नाही. चाळीतल्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीचं शास्त्र तर पूर्ण निराळं आहे, तिथे वाळवी, भिंतीत शिरलेल्या तुळईची कुजलेली टोकं आणि सामाईक संडासाच्या बाजूची ओल बघायची.

बँकेच्या व्हॅल्युअरकडे अर्थात फिनॉल्फ्थॅलिनची बाटली नसते, वेळही नसतो. अर्ध्या तासाच्या भेटीत तो डोळ्यांनी वाचतो. माझा क्रम सांगतो. आधी गच्ची. वर पत्र्याची शेड आहे का, टाकीखालच्या छोट्या खांबांची सळई दिसते का. मग डक्ट, म्हणजे संडास-बाथरूमचे पाइप उतरतात ती अंधारी जागा. पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवलेला असेल तर गळती किती पावसाळ्यांची आहे ते रोपाच्या जाडीवरून कळतं, आणि त्याचं मूळ भिंतीत कुठवर गेलंय याची कल्पना येते. मग सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचं छत, आणि शेवटी स्टिल्टमधले खांब. नव्या रंगाला भुलायचं नाही, किल्लीने ठोकून बघायचं. भरीव खांब ‘टक्’ वाजतो, आतून सुटलेलं प्लॅस्टर ‘बद्द’ वाजतं. तळमजल्याच्या दुकानदाराने गाळा मोठा केला असेल तर कुठली भिंत, कुठला खांब गेला हे विचारल्याशिवाय निघू नये.

हे सगळं बघून व्हॅल्युअरने खऱ्या वयाच्या जागी प्रभावी वय धरायला हवं. चाळीस वर्षांची इमारत, पण वेळेवर वॉटरप्रूफिंग, खांबांना जॅकेटिंग (भोवतीने नवा मजबूत थर), पाइप बदललेले, तर तिला तीसची धरता येते. शेजारची त्याच साली, त्याच बिल्डरने बांधलेली विंग, जिथे मेंटेनन्स वाढवायचा विषय दर वार्षिक सभेत पुढच्या सभेवर जातो, ती पन्नासची. जन्मतारीख एक, उरलेली वर्षं ३० आणि १०. अनेक अहवालांत हे होत नाही, नुसती वजाबाकी होते आणि ‘योग्य देखभाल झाल्यास’ ही शेपटी जोडून व्हॅल्युअर सुटतो. ती शेपटी कायद्याने त्याला वाचवते, घेणाऱ्याला मात्र काहीच सांगत नाही.

आता रुपयांकडे. समजा, फ्लॅटची बाजारातली किंमत दीड कोटी आणि तेवढं बांधकाम आज नव्याने करायला १८ लाख लागतात. इमारतीचं भंगार मूल्य १० टक्के सोडून उरलेले ९० टक्के साठ वर्षांत सारखे वाटायचे, म्हणजे वर्षाला दीड टक्का घसारा. चाळीस वर्षांचा ६० टक्के, म्हणजे १० लाख ८० हजार गेले, बांधकामाची किंमत उरली ७ लाख २० हजार. दीड कोटीच्या मानाने हा घसारा ७ टक्क्यांच्या आसपास. प्रभावी वय तीस धरलं काय आणि पन्नास धरलं काय, फरक ५ लाख ४० हजारांचा. एखाद्या तालुक्याच्या गावी हेच घर असतं तर किमतीत बांधकामाचा वाटा मोठा असता आणि घसाऱ्याने किंमत हलवून सोडली असती. मुंबईत किंमत जमिनीची आहे, भिंती तिच्या अंगावरचे कपडे.

म्हणून उर्वरित आयुष्य बिनमहत्त्वाचं ठरतं का? भाड्याच्या मिळकतीकडे बघा. वर्षाला १ लाख निव्वळ भाडं, परताव्याचा दर ८ टक्के. भाडं कायम मिळत राहिलं तर आजची किंमत साडेबारा लाख. ६० वर्षं मिळालं तर १२ लाख ३८ हजारांच्या आसपास. ३० वर्षं मिळालं तर ११ लाख २६ हजार. १५ वर्षं मिळालं तर ८ लाख ५६ हजार. (शेवटी जमिनीचे येतील ते वेगळे.) साठाच्या जागी तीस लिहिले, म्हणजे अर्धं आयुष्य चुकवलं, तरी किंमत ९ टक्क्यांनीच हलते. तिसाच्या जागी पंधरा लिहिले तर जवळपास चोवीस टक्क्यांनी कोसळते. तेव्हा नव्या इमारतीचं आयुष्य ५५ की ६५ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अंदाज बारकाईने करायची गरज शेवटच्या दहा-पंधरा वर्षांतल्या इमारतींना असते, आणि नेमक्या तिथेच वजाबाकी सर्वांत कुचकामी असते.

बँकेलाही शेवटच्याच वर्षांची काळजी. कर्ज फिटण्याआधी तारण संपू नये, म्हणून ती कर्जाची मुदत उर्वरित आयुष्याच्या आत ठेवते, वर थोडं अंतरही राखते. अहवालात १५ लिहिलं तर २० वर्षांचं कर्ज मिळत नाही, हप्ता वाढतो आणि घेणाराच गळतो. विकणाऱ्याला किमतीची चिंता, पण सौदा मोडतो तो या ओळीवर.

मुंबईचा खरा पेच पुढे आहे. इथल्या इमारती बहुधा काँक्रीट संपल्यामुळे पाडल्या जात नाहीत. जमिनीवर जास्त बांधायची मुभा मिळते आणि धडधाकट इमारतही पुनर्विकासाला जाते. पस्तीस वर्षांची, ऑडिटमध्ये फक्त किरकोळ दुरुस्ती सांगितलेली इमारत तीन वर्षांत जमीनदोस्त होते, तेव्हा तिचं भौतिक आयुष्य पंचवीस वर्षं उरलेलं असतं आणि आर्थिक आयुष्य तीन. त्या तीन वर्षांत फ्लॅटचा भाव उतरण्याऐवजी चढतो, कारण घेणारा जुना फ्लॅट घेतच नाही, तो नव्याचा हक्क घेतो. उलट विमानतळाच्या फनेल पट्ट्यात, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली, विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला भागांत, उंचीवर मर्यादा आहे. बिल्डरला विकायला जादा मजलेच मिळत नाहीत, तो फिरकत नाही. तिथल्या इमारतीला स्वतःच्या काँक्रीटवरच जगायचंय. तिथे उर्वरित आयुष्याचा आकडा नावापुरता नाही. माझं मत विचाराल तर फनेलमधला जुना फ्लॅट घेण्याआधी ऑडिट अहवाल पानन् पान वाचावा, आणि बिल्डरशी करार झालेल्या इमारतीत त्यापेक्षा करार वाचावा.

ऑडिटचे नियमही माहीत हवेत. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. निष्कर्षाचे वर्ग असे : सी १ म्हणजे रिकामी करून पाडा, सी २ अ म्हणजे रिकामी करून काही भाग पाडा आणि मोठी दुरुस्ती करा, सी २ ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी ३ म्हणजे किरकोळ. सी १ ची नोटीस लागली की उर्वरित आयुष्य शून्य, वजाबाकी काहीही म्हणो. पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या, इमारतींत या वर्गावरून रणं माजतात. मालक सी १ चा अहवाल आणतो, भाडेकरू सी २ ब चा. दोन्हींवर इंजिनिअरची सही आणि शिक्का असतो. मग प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. असं भांडण चालू असलेल्या इमारतीचं व्हॅल्युएशन करताना मी दोन्ही अहवालांची निष्कर्षाची पानं आधी वाचतच नाही. परिशिष्टातले चाचण्यांचे तक्ते काढतो. किती कोअर (चाचणीसाठी कापून काढलेले काँक्रीटचे नमुने) घेतले, कुठल्या मजल्यावरून घेतले, हाफ-सेलचे, म्हणजे सळईच्या गंजाचा अंदाज देणाऱ्या विद्युत चाचणीचे, आकडे कुठे आहेत. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचा आकडा असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. चारही कोअर संडासालगतच्या एकाच खांबातून काढले असतील तर काय हवं होतं ते कळतं.

भाडेपट्ट्याच्या जमिनीचं एवढंच, की इमारतीची ३० वर्षं उरली आणि पट्ट्याची १२, तर हिशेबात आधी बारा येतात.

सेक्रेटरी काकांनी फोनच्या शेवटी विचारलं, वीसचे पंचवीस करता येतील का. येतात, पण शब्दावर नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या दुरुस्तीची बिलं, कंत्राटदाराने किती खांबांना जॅकेटिंग केलं त्याची मोजमाप-वही, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी, आधीचं आणि आत्ताचं ऑडिट एकत्र ठेवून व्हॅल्युअरच्या हातात द्या. दोन ऑडिटमधल्या कार्बोनेशनच्या खोल्या समोर असल्या तर वेग कळतो आणि प्रभावी वय खाली आणायला लेखी आधार मिळतो. व्हॅल्युअर येणार म्हणून जिना रंगवून घेऊ नका. ताज्या रंगाखालची चीर शोधण्यात माझी दहा मिनिटं जास्त जातात, आणि ती सापडली की मग मी प्रत्येक खांब ठोकून बघतो.